फाशी नकोच म्हणणारे घटनाकार

“खून करणाऱ्याला फाशी द्यायची नाही, तर काय सरकारी खर्चानं पोसायचं?”

कर्जतच्या एसटी स्टँडवर, खोपोली लोकलच्या डब्यात, खालापूर कोर्टाबाहेरच्या चहाच्या टपरीवर, कुठेही हा प्रश्न ऐकायला मिळतो. पेपरात एखादी भयंकर बातमी आली की हमखासच. त्यामागचा राग खोटा नसतो आणि प्रश्नही मूर्खपणाचा नाही. गंमत अशी की, विचारणाऱ्याच्या घरात भिंतीवर ज्यांची तसबीर असते, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या प्रश्नाला घटना समितीत उत्तर देऊन ठेवलं आहे: फाशीची शिक्षा मुळातूनच रद्द करावी. त्यांचं हे मत फारसं कुणाला माहीत नसतं. जयंतीच्या भाषणांत ते क्वचितच येतं.

ते या मताला कसे पोचले आणि त्याचं पुढे काय झालं, ते पाहू. पण त्याआधी फाशी होते कशी, हे माहीत हवं.

१. कर्जतहून राष्ट्रपती भवनापर्यंत

समजा, नेरळजवळच्या एखाद्या वाडीत बांधाच्या भांडणातून खून झाला. नेरळ पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल होईल. पंचनामा, जबाब, जप्त केलेला कोयता, शवविच्छेदनाचा अहवाल असं सगळं बांधून पोलीस कर्जतच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे दोषारोपपत्र ठेवतील. गुन्हा खालापूर तालुक्यातला असेल तर खालापूरच्या कोर्टात. पण तिथे खटला चालणार नाही. या कोर्टाला तीन वर्षांहून जास्त कैद देता येत नाही. म्हणून कागद तपासून, आरोपीला नकला देऊन ते प्रकरण सत्र न्यायालयाकडे पाठवलं जातं. वकिलांच्या बोलण्यात, ‘केस कमिट झाली’. रायगडचं मुख्य सत्र न्यायालय अलिबागला आहे. पनवेललाही सत्र न्यायाधीश बसतात.

तिथे साक्षीपुरावे होतात. आरोपी दोषी ठरला, तर शिक्षेबद्दल त्याचं म्हणणं वेगळं ऐकून घ्यावं लागतं. नंतर न्यायाधीश जन्मठेप देतील किंवा फाशी. जन्मठेप लगेच लागू होते. फाशी मात्र सत्र न्यायाधीशांच्या सहीनं पक्की होत नाही. आरोपीनं अपील केलं नाही, तरी ते प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात शिक्कामोर्तबासाठी जातंच आणि तिथे किमान दोन न्यायमूर्ती पुरावा नव्यानं तपासतात. त्यानंतर सर्वोच्च न्यायालय, मग फेरविचार याचिका, मग राज्यपाल आणि राष्ट्रपती यांच्याकडे दयेचा अर्ज. सगळे दरवाजे बंद झाले तरच येरवड्याला किंवा नागपूरला फास तयार होतो.

एवढ्या पायऱ्या असताना निरपराध माणूस फासापर्यंत पोचेलच कसा, असं कुणालाही वाटेल. त्याचं उत्तर पुढे नाशिकच्या खटल्यात येईल. सध्या एवढंच ध्यानात ठेवा की, यातली सर्वोच्च न्यायालयाची पायरी कशी बांधायची, याच वादात बाबासाहेब फाशीवर बोलले.

२. वकिली कोर्टात शिकलेला पंडित

बाबासाहेबांची ओळख ‘घटनाकार’ अशी झाल्यामुळे ते आधी कोर्टात उभे राहणारे वकील होते, हे मागे पडतं. लंडनच्या ग्रेज इनमधून 1922 मध्ये ते बॅरिस्टर झाले आणि 1923 पासून मुंबईत वकिली करू लागले. अस्पृश्य बॅरिस्टरकडे बडे पक्षकार कुठून येणार? फौजदारी कामं आणि गरिबांचे खटले वाट्याला आले. ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरून दिनकरराव जवळकर आणि केशवराव जेधे यांना शिक्षा झाली, तेव्हा 1926 मध्ये पुण्यात त्यांचं अपील बाबासाहेबांनी लढवलं आणि जिंकलं. संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या र. धों. कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा 1934 मध्ये त्यांच्या बाजूनंही तेच उभे राहिले. यातल्या कुठल्याही अशिलाच्या बाजूला लोकमत नव्हतं. गर्दी एका बाजूला आणि आरोपी दुसऱ्या बाजूला, हे चित्र या वकिलाला चांगलं ठाऊक होतं.

आपल्या जिल्ह्याशी तर त्यांचा कोर्टातूनच संबंध आला. तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा. ‘रायगड’ 1981 मध्ये झालं. महाडच्या चवदार तळ्यावर मार्च 1927 मध्ये सत्याग्रह झाला. डिसेंबरात पुन्हा तळ्यावर जायचं ठरलं, तेव्हा सनातनी मंडळींनी महाडच्या दिवाणी कोर्टात दावा लावून मनाईहुकूम आणला. बाबासाहेब त्या दाव्यात स्वतः प्रतिवादी होते. तळं खाजगी की सार्वजनिक, एवढ्याच मुद्द्यावर तो दावा दहा वर्षं चालला आणि मार्च 1937 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं अस्पृश्यांच्या बाजूनं निकाल दिला. त्याच वर्षी त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात कोकणातली खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. कायदा गरिबाला किती उशिरा भेटतो, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

दुसऱ्या बाजूला ते कायद्याचे अध्यापकही होते. मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात 1928 मध्ये त्यांनी शिकवायला सुरुवात केली आणि 1935 मध्ये ते तिथे प्राचार्य झाले. पुढचं सगळ्यांना पाठ आहे: ऑगस्ट 1947 मध्ये मसुदा समितीचं अध्यक्षपद, स्वतंत्र भारताचं पहिलं कायदामंत्रिपद.

३. आधी नकार, मग होकार

फाशीचा विषय घटना समितीत दोनदा आला. पहिल्यांदा नोव्हेंबर 1948 मध्ये. संयुक्त प्रांतातले सभासद झेड. एच. लारी यांनी दुरुस्ती सुचवली की, हिंसक राजद्रोह सोडून बाकी सर्व गुन्ह्यांची फाशी मूलभूत हक्कांच्या प्रकरणातच रद्द करून टाकावी. चर्चा झाली. बाबासाहेबांनी, ही दुरुस्ती मला मान्य नाही, एवढंच सांगितलं आणि ती फेटाळली गेली.

फाशीविरोधी बाबासाहेबांची गोष्ट सांगणारे बरेच जण ही घटना गाळतात. गाळायचं कारण नाही. फाशी जावी असं वाटणं वेगळं आणि ती घटनेत कोरून कायमची बंद करणं वेगळं. ते काम संसदेनं साध्या कायद्यानं करावं, अशी त्यांची भूमिका असावी असं मला त्यांच्या पुढच्या भाषणावरून वाटतं.

ते भाषण झालं 3 जून 1949 ला. विषय होता, सर्वोच्च न्यायालयात फौजदारी अपील कोणाला करता यावं. कित्येक सभासदांचं म्हणणं होतं की, जिथे जिथे फाशी झाली आहे तिथे थेट सर्वोच्च न्यायालयात अपिलाचा हक्क हवा. शिब्बनलाल सक्सेना त्यात आघाडीवर होते. स्वातंत्र्यलढ्यात ते स्वतः फाशीच्या कोठडीत राहिले होते आणि निरपराध माणसं फासावर जाताना आपण पाहिली आहेत, असं त्यांनी सभागृहाला सांगितलं.

बाबासाहेबांचं उत्तर दोन भागांत होतं. हक्काचं अपील सरसकट देणं त्यांना व्यवहार्य वाटलं नाही. पण तेवढ्यावर न थांबता त्यांनी सुचवलं की, अपिलाची तरतूद करत बसण्यापेक्षा फाशीच काढून टाका, म्हणजे वादच मिटेल. कारण दिलं ते अहिंसेचं. हा देश मोठ्या प्रमाणावर अहिंसेचं तत्त्व मानतो. लोक ते दरवेळी पाळत नसतील, पण शक्य तितकं पाळावं अशी नैतिक आज्ञा म्हणून तरी मानतातच. अशा देशानं फाशी पूर्णपणे रद्द करणंच योग्य, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

यात दोन गोष्टी चकित करणाऱ्या आहेत. एक म्हणजे, गांधींवर आयुष्यभर कडक टीका केलेला माणूस इथे अहिंसेचा आधार घेतो. अहिंसा ही काही एकट्या गांधींची मिरास नव्हती; बुद्ध बाबासाहेबांच्या वाचनात कधीचा होता.

दुसरी गोष्ट तारखेची. गांधीहत्येच्या खटल्यात लाल किल्ल्यातल्या विशेष न्यायालयानं 10 फेब्रुवारी 1949 ला नथुराम गोडसे आणि नारायण आपटे यांना फाशी सुनावली होती. शिमल्यात उच्च न्यायालयापुढे त्याचं अपील चालू होतं आणि निकाल 21 जूनला यायचा होता. म्हणजे देशातल्या सर्वांत गाजलेल्या खटल्याची फाशी डोक्यावर टांगलेली असताना, भर सभागृहात, देशाचा कायदामंत्री फाशी नको म्हणत होता. त्याला राजकीय धाडस लागतं. गांधीजींचे पुत्र मणिलाल आणि रामदास यांनीही दोघांची फाशी माफ करावी अशी विनंती केली होती. ती मानली गेली नाही. 15 नोव्हेंबर 1949 ला अंबाल्याच्या तुरुंगात दोघांना फाशी झाली.

तेव्हा फाशी रद्द करणं ही हवेतली कल्पना नव्हती, हेही जाता जाता सांगायला हवं. त्रावणकोर संस्थानानं 1944 मध्येच जवळपास सर्व गुन्ह्यांची फाशी रद्द केली होती.

४. घटनेत उरलं ते

त्या चर्चेतून आजचं कलम 134 तयार झालं. साध्या भाषेत त्याचा अर्थ असा: खालच्या कोर्टानं सोडलेल्या माणसाला उच्च न्यायालयानं फाशी दिली, तर त्याला सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा हक्क आहे. पण सत्र न्यायालयानं फाशी दिली आणि उच्च न्यायालयानं ती कायम केली, तर या कलमानं तसा हक्क नाही. उच्च न्यायालयाचं प्रमाणपत्र किंवा सर्वोच्च न्यायालयाची खास परवानगी लागते. फाशीच्या प्रकरणांत अशी परवानगी व्यवहारात मिळत आली, हा भाग वेगळा.

म्हणजे झालं असं की, सरसकट अपील द्यायचं नाही, हा बाबासाहेबांच्या म्हणण्याचा अर्धा भाग घटनेत आला. फाशी काढून टाकायची, हा दुसरा अर्धा भाग संसदेवर सोडला गेला आणि तिथेच राहिला. राज्यसभेत 1958 मध्ये फाशी रद्द करण्याचा ठराव आणला तो चक्क अभिनेते पृथ्वीराज कपूर यांनी. चर्चा झाली, ठराव बारगळला. विधी आयोगानं 1967 च्या अहवालात फाशी ठेवावी असंच सांगितलं.

५. ‘दुर्मिळातलं दुर्मीळ’ म्हणजे किती दुर्मीळ?

कायदा मात्र हळूहळू सरकत होता. 1955 पर्यंत खुनाला फाशी हा नियम होता आणि ती न दिल्यास न्यायाधीशाला कारण लिहावं लागे. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनं हे उलटं केलं: जन्मठेप हा नियम, फाशी द्यायची असेल तर खास कारणं लिहा.

मग आला बच्चन सिंग खटल्याचा निकाल, 9 मे 1980. सरन्यायाधीश होते पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड. पाचपैकी चार न्यायमूर्तींनी फाशी घटनेत बसते असं ठरवलं, पण ‘दुर्मिळातल्या दुर्मीळ’ प्रकरणातच द्यायची असं बंधन घातलं. नुसता गुन्हा किती क्रूर आहे ते पाहून चालणार नाही. गुन्हेगार कोण आहे, त्याचं वय, परिस्थिती, तो सुधारण्याची शक्यता हेही तोलायचं. पाचवे न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी विरोधी मत दिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की, फाशी होईल की नाही हे शेवटी कोणत्या न्यायाधीशांपुढे प्रकरण आलं त्यावर ठरतं.

त्यांचं म्हणणं किती खरं होतं, हे लगेचच दिसलं. एकाच गुन्ह्यात, सारख्याच सहभागासाठी तिघांना फाशी झाली होती. तिघांची प्रकरणं सर्वोच्च न्यायालयात वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या पीठांपुढे गेली. एकाची फाशी जन्मठेपेवर आली. दुसऱ्याला ऑक्टोबर 1981 मध्ये फाशी देऊन टाकली. तिसऱ्याचा अर्ज चंद्रचूड यांच्या पीठापुढे आला, तेव्हा हा प्रकार उजेडात आला आणि न्यायालयानं त्याची शिक्षा कमी करण्याची शिफारस राष्ट्रपतींना केली. एकाच पोत्यातला तांदूळ तीन दुकानांच्या काट्यांवर वेगवेगळा भरला, तर आपण तांदळाला दोष देत नाही.

चंद्रचूड यांच्याच कारकिर्दीत, 1983 मध्ये, जन्मठेपेच्या कैद्यानं खून केल्यास फाशीच द्यायची, दुसरा पर्यायच नाही, असं सांगणारं दंड संहितेचं कलम 303 रद्द झालं. मुंबई उच्च न्यायालयानं 2011 मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यातली सक्तीची फाशी रद्द केली. बाबासाहेबांनी एका फटक्यात तोडायला सांगितलेली गाठ न्यायालयं एकेक पीळ उलगडत सोडवत राहिली.

६. नाशिकचे सहा जण

आता मघाचा प्रश्न: एवढ्या पायऱ्या असताना चूक होते कशी?

जून 2003 मध्ये नाशिककडच्या एका बागेतल्या झोपडीवर दरोडा पडला. खून झाले, बलात्कार झाला. पोलिसांनी भटक्या जमातीतल्या सहा जणांना पकडलं. 2006 मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयानं सहाही जणांना फाशी दिली. 2007 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तिघांची फाशी कायम केली, तिघांना जन्मठेप दिली. 30 एप्रिल 2009 ला सर्वोच्च न्यायालयानं त्या तिघांनाही परत फाशी दिली. पायऱ्या सगळ्या चढून झाल्या होत्या.

तो निकाल देताना न्यायालयानं आपल्याच एका जुन्या निकालाचा आधार घेतला होता. गुन्हा पाहायचा, गुन्हेगार नव्हे, असं त्या निकालात म्हटलं होतं; म्हणजे बच्चन सिंगच्या नेमकं उलट. पुढे दोनच आठवड्यांत, 13 मे 2009 ला, महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या दुसऱ्या पीठानं तो जुना निकाल आणि त्यावर विसंबलेले इतर निकाल चुकीचे ठरवले. त्या जुन्या निकालातल्या आरोपीला 1996 मध्येच फाशी झाली होती. तो ‘दुरुस्त’ करायला कुणी उरलं नव्हतं. 2012 मध्ये चौदा निवृत्त न्यायमूर्तींनी राष्ट्रपतींना पत्र लिहून, अशा सदोष निकालांवरून फाशीच्या रांगेत असलेल्यांना वाचवा, अशी मागणी केली. पी. बी. सावंत, होस्बेट सुरेश, बी. जी. कोळसे-पाटील ही आपल्याकडची नावं त्यात होती.

नाशिकचे सहा जण मात्र जिवंत होते. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आपला निकाल मागे घेतला आणि अपिलं पुन्हा ऐकली. कागद नीट उलगडल्यावर काय दिसलं? घटनेनंतर लगेच पोलिसांनी एका जखमी साक्षीदाराला सराईत गुन्हेगारांचे फोटो दाखवले होते आणि त्या साक्षीदारानं चार जणांवर बोट ठेवलं होतं. ते चौघे वेगळेच होते, या सहा जणांपैकी नव्हते. त्या चौघांचा पुढे तपासच झाला नाही. हा कागद पहिल्या दिवसापासून फाइलीत होता. नाशिकला, मुंबईला, दिल्लीला, सगळीकडे ती फाइल फिरली.

5 मार्च 2019 ला सहाही जण निर्दोष सुटले. तोवर तुरुंगात सुमारे सोळा वर्षं गेली होती. त्यातला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हेही नंतर ठरलं. न्यायालयानं प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली. त्यांना 2010 मध्ये फाशी झाली असती, तर तो कागद पुन्हा कुणी वाचला असता असं मला वाटत नाही.

हा एखादाच अपवाद म्हणावा, तर आकडे तसं म्हणू देत नाहीत. या शतकाच्या पहिल्या पंधरा वर्षांत खालच्या कोर्टांनी दिलेल्या फाशींपैकी शेवटपर्यंत टिकल्या त्या पाच टक्क्यांहूनही कमी. सुमारे तीस टक्के प्रकरणांत माणसं चक्क निर्दोष सुटली. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठानं 2016 मध्ये फाशीच्या कैद्यांचा देशभर अभ्यास केला, तेव्हा त्यांतले सुमारे तीन-चतुर्थांश आर्थिकदृष्ट्या दुर्बल निघाले. महाडचा दावा दहा वर्षं लढवणाऱ्या वकिलाला याचं नवल वाटलं नसतं.

७. मग फाशीऐवजी काय?

“जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं, मग सुटून येतो.” हा समज इतका पक्का आहे की, वकिलांच्या घरातही ऐकू येतो. तो चूक आहे. आणि हे ठरलं कुणाच्या अर्जावर? गोपाळ गोडसे यांच्या. गांधीहत्येच्या खटल्यातच त्यांना जन्मठेप झाली होती. शिक्षा भरली, आता सोडा, असं त्यांचं म्हणणं होतं. 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, जन्मठेप म्हणजे उरलेलं संपूर्ण आयुष्य; सूट देणं न देणं सरकारच्या हातात. चौदा वर्षं हा आकडा नंतर कायद्यात आला, तोही उलट्या अर्थानं: ज्या गुन्ह्याला फाशी होऊ शकते, त्यातल्या जन्मठेपेच्या कैद्याला चौदा वर्षं पुरी होण्याआधी सूट देऊन सोडता येत नाही. 2008 पासून तर वीस, पंचवीस, तीस वर्षं किंवा मरेपर्यंत सूट नाही, अशी शिक्षाही वरची न्यायालयं देऊ लागली आणि 2015 मध्ये घटनापीठानं ती वैध ठरवली. समाजापासून माणूस कायमचा दूर ठेवायचा, तर फाशीखेरीज रस्ता आहे.

कर्जत म्हटलं की बाहेरच्यांना आमचं रायगडातलं कर्जत आठवत नाही. नगरचं आठवतं, कोपर्डीमुळे. 2016 मध्ये कोपर्डीत एका मुलीवर झालेल्या अत्याचारानंतर लाखो लोक मूकपणे रस्त्यावर उतरले आणि 2017 मध्ये तिघांना फाशी सुनावली गेली. ‘तुमच्या घरातली मुलगी असती तर?’ असा प्रश्न तिथे विचारला गेला, आजही विचारला जातो. माझं उत्तर सरळ आहे. माझ्या घरातली असती, तर मीही फाशीच मागितली असती. म्हणूनच शिक्षा ठरवायचं काम कायदा माझ्याकडे देत नाही.

विधी आयोगानं 31 ऑगस्ट 2015 ला 262 वा अहवाल दिला. अध्यक्ष होते सोलापूरचे न्या. अजित प्रकाश शहा. जन्मठेपेपेक्षा फाशीचा धाक जास्त असतो याला पुरावा नाही, असं सांगून आयोगानं दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध पुकारणं एवढे गुन्हे सोडून बाकी सर्व गुन्ह्यांची फाशी रद्द करावी, अशी शिफारस केली. घटना समितीतल्या लारींच्या दुरुस्तीशी ती बरीच मिळतीजुळती आहे.

सरकारनं ती स्वीकारली नाही. 1 जुलै 2024 ला भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात खुनाची फाशी कायम आहे आणि वंश, जात, भाषा अशा कारणांवरून जमावानं केलेल्या हत्येलाही आता फाशी होऊ शकते. फाशी रद्द करायला घटनादुरुस्ती लागत नाही, संसदेचा साधा कायदा पुरतो, ही सोय मात्र घटनेनं 1950 पासून ठेवलेली आहे. 3 जून 1949 ची चर्चा घटना समितीच्या कामकाजाच्या आठव्या खंडात आहे. ती पुरी वाचा, सक्सेनांचं भाषणही वाचा, आणि मग फाशी हवी की नको ते ठरवा.